उडत्या बाईचा डावा हात

सिनेमा न बघता सिनेमावर बोलणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण सिनेमा बघून, तोही तिकीट काढून, त्यातला शेवट सोडून बाकी सगळ्याचा निकाल लावणारी बाई अख्ख्या पालघर तालुक्यात एकच झाली, आणि ती माझी मेहुणी.

तिनं जन्मात एका सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. ती घिवलीला दिलेली. सकाळी मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात यायची, दुपारी पाटी रिकामी झाली की ती आमच्या दाराशी पालथी घालायची, आणि महिन्यातनं एखाद्या वेळी माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या थोरल्या बहिणीला, ओढून सिनेमाला न्यायची. पण घिवलीची शेवटची एसटी काही टॉकीजवाल्याला विचारून सुटत नसे. पडद्यावर हीरोला खांबाला बांधलंय, हीरॉइन रडतेय, खलनायकानं चाबूक उचललाय, की ही उठायची, पदर खोचायची आणि पडद्याकडं हात करून म्हणायची, "बरं, सांभाळून रे बाबा, माझी गाडी सुटते." मग एसटीत बसल्यावर पुढचा शेवट ती स्वतः करायची. तिच्या शेवटात कुणी मरत नसे. आंधळ्या आईला दिसायला लागे, तुरुंगातला बाप सुटून येई, आणि खलनायकालासुद्धा ती 'त्याची बी आय असंल कुठंतरी' म्हणून सोडून देई आणि एखाद्या बोटीवर खलाशी म्हणून कामाला लावी. त्यामुळे बाकी जगात सिनेमे कसेही संपोत, घिवलीत सगळे सिनेमे सुखात संपत. तिच्या आळीतल्या एका बाईनं पुढं कधीतरी त्यातला एक सिनेमा पुरा बघितला, त्यात हीरो मेला, आणि ती तरातरा हिच्याशी भांडायला आली. "तू तर म्हणालीस तो वाचला!" मेहुणी मासे वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मी निघाले तवा जिता होता. तू बसलीस नि मारलास त्याला."

दुसरी खोड म्हणजे पडद्यावरच्या माणसांशी बोलणं. बोईसरच्या पत्र्याच्या टॉकीजात निम्मे लोक पाळी सुटून झोपायला आलेले असायचे, मीही त्यातलाच. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या बॉयलरवर होतो, शिक्षण चौथी, आणि सिनेमात मला सगळ्यात आवडायचा तो अंधार. पण ही शेजारी असली की झोप कसली? "अगं बाय, त्याला काय विचारतेस, त्याच्या खिशात बघ!" असं ही हीरॉइनला ओरडून सांगायची. एकदा पडद्यावर एक नटी पापलेट कापायला बसली आणि तिनं कोयता असा धरला की मेहुणी खुर्चीवरनं उठलीच. "अगं, असं कापतात काय! बोट जाईल तुजं!" दारावरचा भैया बॅटरी घेऊन आला. "मौसी, चुप बैठो, नहीं तो बाहर निकालूँगा." मेहुणीनं त्याला त्याच्याच भाषेत जबाब दिला, "मैं चुप बैठेगी रे, पर वो मच्छी का क्या हाल करती ते देख ना!" भैयानं पडद्याकडं बघितलं, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बात तो सही है." त्या दिवसापासून तिला तिथं कुणी गप्प बसवलं नाही.

आता मुख्य गोष्ट. माझी मेहुणी डावखुरी. कोयता डाव्या हातात, भाकरीचा घास डाव्या हातानं, आणि वेळ आलीच तर थोबाडीतही डावीच. बाजारात काही फार शहाणी गिऱ्हाइकं होती, ती म्हणायची, "बाई, सकाळची पहिली मासळी डाव्या हातानं नको देऊ." ही म्हणायची, "ह्याला जाळ्यात पकडला तवा त्यानं विचारलं नाय कुठला हात ते. तुमी कशाला विचारता?" लग्नाकार्यात मात्र तिचं काही चालत नसे. हळद लावायला सवाष्णींची रांग लागली की कुणीतरी म्हातारी हळूच म्हणायची, "तू जरा थांब गं बाय," आणि ही थांबायची. एरवी कुणाचंही न ऐकणारी बाई तेवढ्याला मात्र ऐकायची, भिंतीला टेकून उभी राहायची, डावा हात पदराखाली घ्यायची. मी बघितलंय ते.

आणि देवाची करणी अशी की आमची एकुलती एक पोर, शोभा, ही सगळीच्या सगळी मावशीवर गेली. आईचा रंग घेतला, माझं नाक घेतलं आणि हात मावशीचा घेतला. लहान होती तोवर ठीक होतं. लग्नाची झाली आणि एक चांगलं जुळत आलेलं स्थळ त्या हातापायी मोडलं. पोरीनं पाहुण्याच्या आजीला पाण्याचा तांब्या डाव्या हातानं दिला, आजीनं तो घेतला नाही, आणि मंडळी पोहे टाकून उठली. 'डाव्या हाताची सून देवाचं कसं करणार?' असा निरोप आला. मी त्या म्हातारीला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. पण शिव्यांनी पोरगी उजवत नाही. माझ्या बायकोनं धसका घेतला. जेवताना पोरीच्या डाव्या हाताला रुमाल बांधायला लागली. ट्रे उजव्या हातानं धर, कुंकू उजव्या हातानं लाव, डावा हात पाठीमागं ठेव. पोर जेवताना रडायची आणि आई वाढताना रडायची. दोघींच्या मधे मी आमटी भुरकत बसायचो.

इथं माझ्या बायकोबद्दल एक सांगायला पाहिजे. ती खोटं बोलत नसे. म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, तिला ते सोसतच नसे. पाहुणे निघताना म्हणायचे, "वहिनी, आमच्यामुळं तुम्हाला त्रास झाला," तर ही म्हणायची, "हो, झाला थोडा." एकदा माझ्या सांगण्यावरनं तिनं दारात आलेल्या मुकादमाला 'हे घरात नाहीत' असं सांगितलं, आणि संध्याकाळी खरोखर अंग तापून गोधडीत जाऊन पडली. तेव्हापासून मी तिला खोटं बोलायला लावलं नाही. पोरीच्या हाताचंही तिनं मला आधीच बजावलेलं, "लपवायचं ते लपवू. पण मला कुणी सरळ विचारलं तर मला जमणार नाय हां."

अशात एक फार चांगलं स्थळ आलं. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतलं. बापाला क्वार्टर, मुलगाही कामाला लागलेला, घरात फ्रीज. दसरा झाल्यावर बघायला येतो म्हणाले. त्याच्या आधी गणपती आले, आणि गणपतीत ती उडती बाई आली.

आमच्याकडं तेव्हा गणपतीत गल्लीत सिनेमा दाखवायची चाल होती. दोन खांबांना आडवं पांढरं कापड बांधायचं, मशीन एका बाजूला. मशीनच्या बाजूला पुरुष, खुर्च्या टाकून. कापडाच्या पलीकडं, पाठीमागं, बायका नि पोरं, चटया टाकून. कुणी नियम केला नव्हता, सगळीकडं तसंच असायचं. पातळ कापड, चित्र आरपार दिसायचं, कुणाची तक्रार नव्हती. त्या वर्षी बोईसरपासून कॉलनीपर्यंत सगळ्या मंडळांत एकच मद्राशी सिनेमा फिरला, हिंदीत बोलवलेला. नाव मला आठवत नाही, सगळे त्याला उडती बाईच म्हणायचे. त्यातली नटी दिवसा हापिसात टाईप करायची, आणि कुणी संकटात सापडलं की जिन्याखाली जाऊन काळा मुखवटा नि लाल झगा चढवून उडायची. कमरेला एक लोखंडी चक्री. ती फेकली की गुंडांची रांग आडवी, आणि चक्री गपकन परत हातात.

त्या रात्री मेहुणी आमच्याकडं राहायला होती. कापडाच्या पलीकडनं तिचा आवाज आम्हा पुरुषांना सिनेमापेक्षा जास्त ऐकू येत होता. "अगं, झगा सावर, पंख्यात अडकंल!" गल्ली हसून लोटपोट. शेवटाच्या जरा आधी तो आवाज बंद झाला. एसटी पकडायची नव्हती, घर पंधरा पावलांवर होतं, तरी सवयीनं बाई उठलीच, आणि तिच्याबरोबर माझी बायकोही घरी गेली. मी मात्र शेवटपर्यंत बसलो. म्हणजे झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात मासळीबरोबर उडती बाईही विकली जाऊ लागली. मेहुणी पापलेट कापता कापता एकेक मुद्दा काढायची आणि गिऱ्हाईक मासे घेऊन झाले तरी हलायचं नाही. "मला सांगा," ती म्हणायची, "हिला मुखवटा कशाला? त्या औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पोरी पाकिटं भरतात, दिवसभर तोंडाला फडकं बांधून. सांजच्याला फडकं सोडलं तरी साहेब विचारतो, तू कोण गं? बाईला वळखतंय कोण! उघड्या तोंडानं उडली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता." कुणी म्हणायचं, पण मावशी, उडते हो ती! "उडंल नाय तर काय? रिकाम्या हातानं कुणीबी उडंल. माज्या डोक्यावर पाटी, काखेत पोर, नि मी चालती एसटी पकडलेली हाय. तिला म्हणावं, एक डाव पाटी घेऊन उड." बँकेवरचा दरोडा उडत्या बाईनं मोडला तेव्हा पुरुषांनी शिट्ट्या मारल्या होत्या. मेहुणीचं मत वेगळं होतं. "वाचवलं कुणाला? बँकेला. आमच्या नळाला पाणी नाय, तिथं नाय आली उडत." हापिसातनं ती कुणाला न सांगता निघून जाते आणि साहेब काही बोलत नाही, हे तर तिला अजिबात पटलं नव्हतं. "आमचे भावजी बिडी प्यायला गेले तर मेमो मिळतो, नि ही झगा घालून खिडकीतनं जाते!"

आमच्या मंडळाचे अध्यक्षही सिनेमावर बोलले. ओट्यावर बसून म्हणाले, असल्या सिनेमानं बायका बिघडतात, उद्या आपल्या बायका पण उडायला बघतील. ते हे बोलत असताना त्यांची बायको दोन भरलेले हंडे घेऊन जिना चढत होती. मेहुणीनं ते बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "वयनी, झगा घ्या हो, जिना तरी वाचंल." माझ्या बायकोनं मेहुणीला एकदा विचारलं होतं की एवढं सगळं झाल्यावर ती उडती बाई घरी जाऊन भाकरी कधी थापते? मेहुणी म्हणाली, "तिचं लगीन नाय झालं ना ताई. म्हणून तर उडते." ह्यावर माझी बायको इतकी हसली की दूध उतू गेलं, आणि उतू गेलेलं दूध पुसताना परत हसली. मला त्यात एवढं हसण्यासारखं काय ते कळलं नव्हतं. आता कळतं थोडं थोडं.

पण सगळ्या मुद्द्यांचा राजा एकच होता. "चक्री कुठल्या हातानं फेकते? डाव्या! अख्खं शहर वाचवलं, डाव्या हातानं! आनि माज्या भाचीनं डाव्या हातानं तांब्या दिला तर लगीन मोडतं?" हे बोलताना कोयता हवेत फिरायचा आणि गिऱ्हाइकं मागं सरायची. मी घरी म्हटलं, अगं, ती तर उजव्या हातानं फेकते, मी बघितली ना. मेहुणी म्हणाली, "तुमी झोपला होता भावजी." हे अर्धं खरं असल्यामुळं मी विषय सोडला. बायको मान खाली घालून तांदूळ निवडत होती.

दसरा झाला. कॉलनीवाले आले. बापाच्या अंगात नवी कोरी बदामी रंगाची पँट. सोफ्याची सवय असल्यामुळं आमच्या खाटेवर तो असा बसला जणू खाली विंचू आहे. बरोबर त्याचा एक भाऊ. मुलाची आई बारीक चणीची, गप्प. मुलगा तिच्याहून गप्प. बापच बोलत होता, कॉलनीत पाणी चोवीस तास, कॉलनीत रस्ते कसे, कॉलनीत डास नाहीत. माझ्या बायकोनं मेहुणीला गळ्याची शपथ घालून स्वयंपाकघरात ठेवलं होतं. "पडद्यामागं बसायचं, तोंड उघडायचं नाय. माज्या पोरीचं आयुष्य हाय." आमच्या दोन खोल्यांच्या मधे फुलाफुलांचा पडदा होता, त्यामागं ती बसली. पडदा हलत होता तेवढ्यावरनं ती आहे हे कळत होतं.

शोभा चहाचा ट्रे घेऊन आली. उजव्या हातावर सगळा भार, डाव्या हाताची बोटं नुसती टेकलेली, शिकवलं होतं तसं. कप ट्रेवर किणकिणत होते. मुलाच्या बापानं कप उचलायला हात घातला आणि त्याच वेळी मला फ्रीजचं काहीतरी सांगायला मान वळवली. कप निसटला. आणि माझ्या पोरीचा डावा हात, रुमालात बांधलेला, दिवसेंदिवस पाठीमागं लपवलेला, कुणाला न विचारता सटकन पुढं आला आणि त्यानं कप हवेतल्या हवेत झेलला. बदामी पँटवर एक थेंब नाही.

पाहुण्यानं कपाकडं बघितलं, मग हाताकडं. "मुलगी डावखुरी आहे वाटतं," तो म्हणाला. त्याचा भाऊ 'अरेरे' केल्यासारखं च्यक् करून खिडकीबाहेर बघायला लागला. माझ्या बायकोचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडणार तोच पडद्यामागनं आवाज आला, "डावरी हाय म्हणून पँट वाचली!"

आणि मग पडदा बाजूला झाला. शपथ गेली खड्ड्यात. मेहुणी कंबरेवर हात ठेवून उभी. "काय वाईट असतं डाव्या हातात? ती उडती बाई चक्री कुठल्या हातानं फेकते?"

"कोण उडती बाई?" पाहुणा म्हणाला. "तो गणपतीतला सिनेमा? उजव्या हातानं फेकते."

"डाव्या!"

"अहो बाई, मी पहिल्या रांगेत बसलो होतो. खुर्चीवर. उजव्या!"

"उजव्याच," त्याचा भाऊ म्हणाला. "मी पण होतो."

तेव्हा ती बारीक चणीची बाई, मुलाची आई, हातातला कप खाली ठेवून म्हणाली, "डाव्या हातानंच फेकते."

"तू गप गं."

"गणपतीपासून हेच चाललंय," ती आमच्याकडं वळून म्हणाली. आवाज चढलेला. "मी म्हटलं डाव्या, तर हे म्हणतात तुला बघता येत नाही. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना विचारलं. सगळ्या म्हणतात डाव्या. तर म्हणतात बायकांना कळतंय काय! माझे डोळे काय भाड्यानं दिलेत?"

आता माझ्या घरात लग्नाची बोलणी राहिली बाजूला आणि चक्रीची लागली. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, आणि मधे माझी पोर, अजून तो कप डाव्या हातात धरून उभी. ठेवायचा कुठं ते तिला कळेना. पाहुणा माझ्याकडं वळला. "तुम्ही सांगा हो. तुम्ही पुरुषमाणूस. तुम्ही बघितलं असेल." मी बायकोकडं बघितलं. म्हटलं, "मी रातपाळी करून आलेलो, झोपलो होतो." मेहुणी म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

मग त्या आईनं माझ्या बायकोला विचारलं. सरळ तोंडावर. "तुम्ही होतात ना हो सिनेमाला? तुम्ही सांगा. खरं काय ते सांगा."

बायकोनं पोरीकडं बघितलं, त्या कपाकडं बघितलं. मग पदर नीट केला आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "डाव्या हातानं फेकते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"झालं?" मुलाची आई नवऱ्याकडं वळली. "ह्या बाई खोटं बोलणाऱ्या दिसतात काय? आणि काय हो, डाव्या हातानं शहर वाचवलं तर तुम्ही शिट्ट्या मारल्यात, आणि ह्या पोरीनं तुमची पँट वाचवली तर तोंड वाकडं?" बापानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेव्हा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "बाबा, चहा सांडला नाही." आणि पुढं होऊन त्यानं शोभाच्या डाव्या हातातनं तो कप घेतला आणि प्यायला.

तिथंच लग्न ठरलं. मंडळी गेल्यावर मेहुणीनं घरभर उडती बाई करून दाखवली. पोरीनं रुमाल चुलीत टाकला. माझी बायको मात्र म्हणाली, थोडं अंग कसकसतंय, आणि दिवेलागणीलाच गोधडी घेऊन आडवी झाली. मी म्हटलं, दमलीस. एक गोळी दिली आणि दिवा बारीक केला.

हळदीच्या दिवशी सवाष्णींची रांग लागली, तेव्हा विहीणबाईंनी स्वतः मेहुणीला हाताला धरून पुढं आणलं. "पहिली हळद मावशीची. डाव्या हातानं." मेहुणीनं हळद लावली. तोंड बंद होतं तिचं. तसं मी तिला पुन्हा फारदा पाहिलं नाही.

पुढच्या गणपतीत सिनेमा चालू असताना मी पाणी प्यायला कापडाच्या पलीकडं गेलो. सहज वर बघितलं तर पडद्यावरच्या दुकानाची पाटी उलटी. अक्षरं आरशातल्यासारखी. मोटार उलट्या बाजूनं जाणारी. मी तिथंच तांब्या घेऊन उभा राहिलो. म्हणजे पुरुषही खरे होते आणि बायकाही, आणि अणुवीज काढणाऱ्या कॉलनीपासून माझ्या बॉयलरपर्यंत एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की कापडाला दोन बाजू असतात. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, मेहुणी बिचारी भोळी, आमची ही त्याहून भोळी, त्यांना ते डाव्या हाताचं सुख राहू दे. बरीच वर्षं मी स्वतःला ह्या गोष्टीबद्दल मोठा माणूस समजत होतो.

माझी बायको गेल्या साली गेली. दवाखान्यात होती. मेहुणी रोज बाजार आटोपून यायची, उशाशी बसायची, तिचे केस विंचरायची, डाव्या हातानं वेणी घालायची, आणि एसटीच्या वेळेला उठायची. त्या दिवशीही उठली. "ताई, येते उद्या, माझी गाडी सुटते." ती गेल्यावर तासाभरानं सगळं संपलं. बारा दिवस बायका भेटायला येत होत्या, कसं झालं विचारत होत्या, आणि मेहुणी प्रत्येकीला सांगायची, "मी निघाले तवा चांगली बोलत होती. उशीला टेकून बसलेली. अर्धा कप चहा घेतलान." त्याच्या पुढचं ती कधी सांगत नाही. पुढचं मला ठाऊक आहे, कारण शेवटपर्यंत मी बसलो होतो. तिच्याकडं माझी बायको अजून उशीला टेकून बसलेली आहे. मला तिचा राग येतो कधी कधी. खरं म्हणजे हेवा वाटतो.

परवा ती सुके बोंबील घेऊन आली. आता बाजारात बसत नाही, गुडघे गेले, पण महिन्यातनं एकदा माझ्यासाठी येते. कुजकं बोलायला हक्काचं माणूस नको का? "भावजी, दाढी करा, भूत दिसता," असं म्हणून तिनं चहा टाकला. टीव्ही चालू होता. केबलवाला दुपारचे जुने सिनेमे लावतो, आणि तोच लागलेला. उडती बाई. रंग उडालेला, झगा लालचा गुलाबी झालेला. मेहुणी कप घेऊन समोर बसली. माझ्या मनात आलं, उठून बंद करावा. पण तोवर गुंड आले, बाई जिन्याखाली गेली, मुखवटा चढवला, आणि चक्री फेकली.

"उजवा," मेहुणी म्हणाली.

मी अर्धा उठलेला परत बसलो.

"तवा आमी पाठीमागं बसलो होतो ना, भावजी." बशीतला चहा फुंकत होती ती.

"तुला ठावं होतं?"

"त्याच राती. सवयीनं उठले नाय का मी, ताई बी उठली. कापडाला वळसा घालून पुढच्या अंगानं घरी आलो. ताईनं वळून बघितलं नि म्हणाली, अगं, ही तर उजव्या हातानं फेकते! मी म्हटलं, चल ताई, परत पाठीमागं जाऊ. रस्त्यात बसली हसत. उठवंना मला."

"मग बाजारात तू एवढी कोयता नाचवत..."

"मी बोलत होते. ताई कुठं बोलत होती? मला म्हणाली, तुला काय बोलायचं ते बोल, मला कुणी विचारू नये म्हणजे झालं."

"विचारलं ना पण त्या बाईनं. सरळ विचारलं."

"विचारलं," मेहुणी म्हणाली. "आनि बोलली माझी ताई."

मला ती गोधडी आठवली. दिवेलागणीला आडवी झालेली. कपाळ हाताला चटका बसावा तसं होतं, आणि मी म्हटलं होतं, दमलीस. मी तिला तापाची गोळी दिली होती. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मी तिला कधी विचारलं नाही, म्हणून तिला सांगावंही लागलं नाही.

पडद्यावर उडत्या बाईला कुणीतरी साखळीनं बांधलं होतं. मेहुणीनं घड्याळाकडं बघितलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, पिशवी घेतली.

"बस की," मी म्हटलं. "एक डाव तरी शेवट बघ. पुढची गाडी हाय आता, पहिल्यासारखं नाय."

ती दारात चपला शोधत होती. "काय बघायचाय? सुटते ती. साखळी बिखळी तुटते, नि जाते उडत." मग जराशानं म्हणाली, "डाव्या हातानं."

ती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात उभा होतो. आत आलो तर उडती बाई अजून साखळीतच होती, धडपडत होती. मी टीव्ही बंद केला. शेवटाला अजून अवकाश होता.